संदर्भ दिलेत, तरी ‘संदर्भ तपासा’ हा शेरा पुन्हा का येतो?

मार्च उजाडला की माझ्या टेबलावर प्रबंधिकांच्या कच्च्या प्रती यायला लागतात. नव्या अभ्यासक्रमात एम.ए.च्या मुलांनाही संशोधन प्रकल्प आहे, त्यामुळे गठ्ठा आणखी वाढलाय. मी इतिहास शिकवते. समासात पेन्सिलीने सगळ्यात जास्त वेळा लिहिलेले माझे दोन शब्द कुठले, तर ‘संदर्भ तपासा’. मुलं प्रत घेऊन जातात, स्वल्पविराम हलवतात, पुस्तकांची नावं तिरक्या टायपात करतात, आठ दिवसांनी परत आणतात आणि मला पुन्हा तेच दोन शब्द लिहावे लागतात. त्यांचा चेहरा पडतो, कारण त्यांनी खरंच रात्री जागवलेल्या असतात. त्या रात्री वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

बहुतेकांची समजूत अशी की संदर्भातली चूक म्हणजे विरामचिन्हांची चूक. संदर्भ लिहिण्याच्या पद्धतींपैकी ए.पी.ए. की एम.एल.ए., साल आधी की पान आधी. ते सगळं दुरुस्त करायला अर्धा दिवस पुरतो. खरी गडबड त्याच्या आधीच झालेली असते : संदर्भात ज्या पुस्तकाचं नाव आहे ते विद्यार्थ्याच्या हातात कधी आलेलंच नसतं, किंवा आलेलं असतं त्याची आवृत्ती निराळी असते. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, ‘हे वाक्य लिहिलंस तेव्हा तुझ्या हातात काय होतं?’ पुढे सांगितलेले बहुतेक दोष या एका प्रश्नाने सापडतात.

पण आधी जुळणी करून घ्या. संदर्भसूचीची छापील प्रत काढा. पडद्यावर हे काम नीट होत नाही, डोळा घसरतो. मग प्रकरण एकपासून मजकूर वाचत जा आणि कंसात किंवा तळटीपेत नाव दिसलं की सूचीत त्याच्यापुढे खूण करा. शेवटी दोन प्रकारचे उरतात. मजकुरात आहेत पण सूचीत नाहीत, असे काही. सूचीत आहेत पण मजकुरात कुठेच नाहीत, असे काही. पहिल्या प्रकाराचं कारण बहुधा साधं असतं, घाईत नोंद राहून गेलेली. दुसरा प्रकार जास्त बोलका. सूची भरघोस दिसावी म्हणून जुन्या प्रबंधातून उचललेली नावं इथे उघडी पडतात. त्यातली जी पुस्तकं तुम्ही वाचलीत पण उद्धृत केली नाहीत, ती विभागाची परवानगी असेल तर ‘पूरक वाचन’ म्हणून वेगळी द्या. न वाचलेली काढून टाका. साठ नोंदींची सूची चाळीसवर आली म्हणून कुणाचे गुण कापल्याचं मी पाहिलेलं नाही. मौखिकीला ‘या पुस्तकाबद्दल सांगा’ म्हटल्यावर गप्प बसलेली मुलं मात्र बरीच पाहिलीत.

उसना संदर्भ

आता मुख्य दुखणं. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने ताराबाई शिंदे यांच्यावर प्रकरण लिहिलं होतं. त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापलं गेलं, सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याची पार्श्वभूमी त्याला आहे, हे सगळं तिने नीट मांडलं होतं. मध्येच अवतरणचिन्हांत चार ओळींचा उतारा आणि कंसात ‘शिंदे, १८८२’. पान नव्हतं. तो उतारा वाचताना मला अडखळायला झालं. वाक्यं गुळगुळीत, आजच्या वर्तमानपत्रातली. ताराबाईंची भाषा अशी नाही. ती चढ्या सुरात बोलते, प्रश्नावर प्रश्न टाकते, बायकांच्या तोंडचे शब्द सरळ कागदावर आणते.

मी विचारलं, ‘हा उतारा कुठून घेतलास?’

‘मॅडम, त्यांच्याच पुस्तकातून.’

‘तुझ्या हातात काय होतं?’

थोड्या वेळाने कळलं. तिच्याकडे रोझलिंड ओ’हॅनलन यांनी १९९४ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद होता. त्यातल्या चार ओळी तिने स्वतः मराठीत आणल्या आणि ताराबाईंच्या नावावर अवतरणचिन्हांत घातल्या. मराठी बाईचं मराठी वाक्य इंग्रजीत जाऊन परत आलं आणि येताना ते तिचं राहिलं नाही. वाईट हेतू अजिबात नव्हता. ग्रंथालयात इंग्रजी पुस्तक समोर दिसलं, मूळ शोधायचं राहून गेलं, एवढंच.

आम्ही दोघी ग्रंथालयात गेलो. स. गं. मालशे यांनी हे विस्मरणात गेलेलं पुस्तक १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणलं, ती आवृत्ती मागच्या कपाटात होती. तिने तो भाग शोधून काढला, मूळ ओळी वहीत उतरवल्या आणि स्वतःच म्हणाली, ‘मॅडम, हे किती वेगळं आहे.’ त्यानंतर तिने ते अख्खं प्रकरण नव्याने लिहिलं. संदर्भ झाला ‘शिंदे, १८८२/१९७५’ आणि पुढे त्या आवृत्तीचं पान.

याचा उपाय तीन पायऱ्यांचा आहे आणि क्रम महत्त्वाचा. मूळ मिळत असेल तर मूळ पाहा. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातली बरीच मराठी पुस्तकं जुन्या ग्रंथसंग्रहालयांत आणि आता डिजिटल रूपातही मिळतात, तेव्हा ‘मिळालं नाही’ म्हणण्याआधी दोन ठिकाणी तरी विचारा. मूळ मिळालंच नाही तर ज्याच्यामार्फत वाचलंत त्याचं नाव लावा : ‘राजवाडे, उद्धृत, जोशी, २००४, पृ. ४२’ अशा रीतीने. सूचीत फक्त जोशींची नोंद येईल, कारण तुम्ही जोशी वाचलेत. आणि इंग्रजी पुस्तकातला उतारा तुम्ही मराठीत आणला असेल तर शेवटी ‘अनुवाद माझा’ एवढे दोन शब्द लिहा. मूळ लेखन मराठीच असेल तर मात्र ही तिसरी वाट वापरू नका. तिथे मूळ शोधणं हा एकच उपाय.

‘उद्धृत’ लिहायला मुलं लाजतात. आपण मूळ वाचलं नाही हे उघड होईल असं वाटतं. उघड होऊ द्या. परीक्षकाला त्यातून तुमचा प्रामाणिकपणा दिसतो, आणि जोशींनी उतरवताना चूक केली असेल तर ती तुमच्या माथी येत नाही.

साल कुठलं लिहायचं?

‘आंबेडकर, १९७९’ हा संदर्भ दरवर्षी दिसतो. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ सालचं. १९७९ हे महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडाचं साल. त्या खंडात १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंधही आहे आणि १९३६ चं जातिनिर्मूलनावरचं न झालेलं भाषणही. दोन्हींना ‘१९७९’ लिहिलं की वाचणाऱ्याला वीस वर्षांतला विचारांचा प्रवास दिसतच नाही. एका मुलाने तर याच गोंधळातून १९१६ चं मत १९३६ नंतरचं समजून निष्कर्ष काढला होता. दोन्ही सालं द्या, मूळ आणि हातातलं : ‘आंबेडकर, १९३६/१९७९’. पान नेहमी हातातल्या आवृत्तीचं.

पानांचा असाच घोळ महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयाबाबत होतो. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६९ चा. पुढे य. दि. फडके यांनी सुधारित आवृत्ती संपादित केली. मुलं जुन्या प्रबंधातून पान उचलतात आणि सूचीत ग्रंथालयात दिसलेली नवी आवृत्ती लिहितात. मग सांगितलेल्या पानावर भलताच मजकूर निघतो. असं झालं असेल तर खात्री समजा की पान उसनं आहे. पुस्तक उघडून ते वाक्य स्वतः शोधा, दुसरा मार्ग नाही.

जुन्या पुस्तकांवर आणि वर्तमानपत्रांवर इसवी सनाऐवजी शालिवाहन शकाचं वर्ष असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, तेव्हा शक १८०२ चालू होता. सवयीने ७८ मिळवलेत तर १८८० येईल आणि तुमच्या प्रबंधात ‘केसरी’ एक वर्ष आधी जन्माला येईल. पौष, माघ, फाल्गुन हे महिने दिसले की थांबून मोजा. महिना छापलेलाच नसेल तर ‘शके १८०४ (१८८२-८३)’ असं दोन्ही लिहिणं सुरक्षित.

एकच लेखक सूचीत दोनदा

हा दोष संगणकामुळे वाढलाय. संदर्भांच्या नोंदी ठेवणारं झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरा असं मी आग्रहाने सांगते, पण मराठी पुस्तकाची माहिती ते परदेशी ग्रंथालयांच्या तालिकेतून (कॅटलॉगमधून) ओढतं तेव्हा नाव रोमन लिपीत, डोक्यावर रेघा-टिंबं घेऊन येतं. तुम्ही हाताने भरलेलं नाव देवनागरीत असतं. परिणामी तेच शिंदे एकदा रोमन नोंदींत आणि एकदा देवनागरी नोंदींत. उपाय कंटाळवाणा आहे पण एकदाच करायचा : प्रत्येक नोंद आली की तिथल्या तिथे पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावरून देवनागरीत दुरुस्त करा. ‘नंतर बघू’ म्हटलं की दीडशे नोंदी साचतात.

टोपणनावांचंही असंच. वि. वा. शिरवाडकरांची कविता ‘कुसुमाग्रज’ नावाने आहे आणि नाटकं शिरवाडकर नावाने. पुस्तकावर जे नाव छापलंय त्याच नावाखाली नोंद करा आणि दुसऱ्या नावापाशी ‘पाहा : कुसुमाग्रज’ अशी एक ओळ ठेवा. आडनाव सारखं असलेले दोन लेखक असतील, आणि मराठीत जोशी-कुलकर्णी-पाटील असणारच, तर मजकुरातही आद्याक्षरं लावा.

अकारविल्हे लावण्याचं काम संगणकावर सोपवलं असेल तर छापण्यापूर्वी एकदा नजर टाका. संगणक पुष्कळदा युनिकोडचा, म्हणजे अक्षरांना दिलेल्या संगणकीय क्रमांकांचा, क्रम धरतो. त्यात ळ हे ल च्या लगेच नंतर येतं, आपल्या वर्णमालेत ते ह नंतर. म्हणून ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी जाऊन बसतात. क्षीरसागर क च्या पोटात शिरतात, कारण संगणकाला क्ष म्हणजे क आणि ष दिसतो. मराठी कोशांची रीत क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवण्याची आहे. तुमच्या विभागाला यातली कुठलीही रीत चालत असेल, फक्त सगळी सूची एकाच रीतीने लागलेली हवी. आणि सूची जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली असेल तर आधी ती युनिकोडमध्ये आणा. नाहीतर क्रमही लागणार नाही आणि शोधही.

‘तत्रैव’ चालत-चालत दुसरीकडे जातं

तळटीपांची पद्धत वापरणाऱ्यांसाठी. पहिल्या मसुद्यात टीप १३ मध्ये फडके, टीप १४ मध्ये ‘तत्रैव, पृ. ५२’, म्हणजे लगेच वरच्या टीपेतलंच पुस्तक. सगळं बरोबर. मग मार्गदर्शक सांगतात, मध्ये एक परिच्छेद घाला. त्यात कीर यांची टीप येते, ती होते १४. जुनी १४ होते १५, आणि तिचं ‘तत्रैव’ आता कीर यांच्याकडे बोट दाखवतं. ‘उ. नि.’चा (आधी कुठेतरी उल्लेखलेलं पुस्तक) प्रकारही तसाच, फक्त तो चाळीस पानं मागे शोधायला लावतो. मी आता मुलांना शेवटच्या मसुद्यापर्यंत ‘तत्रैव’ लिहूच देत नाही. प्रत्येक टीपेत आडनाव, पुस्तकाचं छोटं नाव, पान. शिकागो पद्धतीच्या २०१७ च्या आवृत्तीनेही ‘तत्रैव’ऐवजी अशी छोटी नोंदच बरी म्हटलंय, तेव्हा शेवटपर्यंत तशीच ठेवलीत तरी काही बिघडत नाही.

इंटरनेटवरचं

मराठी पानाचा दुवा चिकटवला की अर्धं पान टक्क्यांच्या खुणा, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांनी भरतं. घाबरू नका, फाईल बिघडलेली नाही. दुव्यातलं एकेक देवनागरी अक्षर, मात्रासुद्धा, नऊ चिन्हांत बदलतं. पानावर कायमस्वरूपी छोटा दुवा दिलेला असेल तर तो घ्या. नसेल तर लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचं नाव, दिनांक आणि ‘पाहिल्याचा दिनांक’ पूर्ण द्या आणि दुवा मुख्य पत्त्यापर्यंत ठेवा. पान नाहीसं होण्याची भीती असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत जतन करून तो दुवा द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

मराठी विश्वकोशाबद्दल एक खास विनंती. ‘विश्वकोश’ एवढंच लिहून सोडू नका. नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. कित्येक नोंदी त्या-त्या विषयातल्या जाणत्यांनी वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून लिहिल्या आहेत. नोंदलेखक, नोंदीचं शीर्षक, खंड, पान असं द्या. आंतरजालावरची आवृत्ती पाहिली असेल तर तसं लिहा. शासन निर्णयालाही ‘जी.आर.’ हा संदर्भ पुरेसा नाही. विभाग, क्रमांक, दिनांक द्या आणि निर्णयाच्या शेवटी जो संकेतांक छापलेला असतो तो द्या. त्या संकेतांकावरून तो संकेतस्थळावर नेमका सापडतो.

नसलेली पुस्तकं

हा दोन-तीन वर्षांतला नवा आजार, आणि सगळ्यात धोकादायक. चॅटजीपीटीला ‘या विषयावर दहा संदर्भ दे’ म्हटलं की तो दहा देतो. लेखक खरे असतात, प्रकाशनसंस्थेचं नाव खरं असतं, साल पटण्यासारखं असतं, आणि पुष्कळदा ते पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नसतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असे अस्तित्वात नसलेले खटले न्यायालयापुढे ठेवले आणि न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. ते मुरलेले वकील होते. एम.ए.च्या विद्यार्थ्याला ही फसगत ओळखता येईल अशी अपेक्षा कशी ठेवायची?

पण एक कसोटी कुणालाही लावता येते. पुस्तक किमान एका ग्रंथालयाच्या तालिकेत सापडलं पाहिजे. लेख असेल तर त्या नियतकालिकाच्या त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत सापडला पाहिजे. डी.ओ.आय. क्रमांक (लेखाचा आंतरजालावरचा कायमचा ओळखक्रमांक) दिला असेल तर तो उघडून त्याच लेखावर गेला पाहिजे, कारण खोट्या संदर्भाला दुसऱ्याच लेखाचा खरा क्रमांक चिकटलेला असू शकतो. यांतलं काहीच जमलं नाही तर ती नोंद सूचीतून काढा आणि तिच्या आधारावर लिहिलेलं वाक्यही काढा. नुसती नोंद काढून वाक्य ठेवलं तर ते निराधार विधान होतं.

‘पण माझं साम्य फक्त सहा टक्के आलंय’

शेरा दाखवला की हे उत्तर हमखास येतं. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. संदर्भ बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सादर करायला बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. या टक्क्यांची एवढी धास्ती बसलीय की मुलं अवतरणचिन्हांतला उताराही शब्द बदलून लिहितात, म्हणजे साम्य कमी होईल. असं करू नका. संदर्भासह दिलेलं अवतरण आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची असं त्याच नियमावलीत म्हटलंय. अहवालात ती मोजलेली दिसली तर वगळून पुन्हा अहवाल काढायची विनंती ग्रंथपालांना करा.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत उतरवला की सॉफ्टवेअर बहुधा काहीच दाखवत नाही. शब्द तुमचे झाले, पण विचार, मांडणी, उदाहरणांचा क्रम त्या लेखकाचाच आहे. तिथे संदर्भ हवाच. सलग तीन परिच्छेद एकाच लेखकाचं म्हणणं सांगत असाल तर सुरुवातीलाच ‘ओ’हॅनलन यांच्या मते’ असं म्हणा आणि त्यांचं कुठे संपतं, तुमचं कुठे सुरू होतं ते वाचणाऱ्याला दिसू द्या. तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक कंस टाकला तर आधीचे दोन कुणाचे, हे कळत नाही.

ए.पी.ए., एम.एल.ए. की शिकागो, याबद्दल फार बोलत नाही. विभागाचा नियम असेल तो पाळा. नियम नसेल तर मार्गदर्शकांना विचारून एक पद्धत ठरवा आणि मध्येच बदलू नका.

सादर करायला दोनच दिवस उरले असतील तर हा क्रम ठेवा. आधी अवतरणचिन्हांतले सगळे उतारे काढून एका कागदावर लिहा आणि ग्रंथालय उघडायच्या वेळेला दारात उभे राहा. एकेक पुस्तक मागवून शब्द आणि पान ताडून पाहा. पुस्तक हाताशी असताना मुखपृष्ठामागच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे आवृत्ती आणि साल घरी बसून भरता येईल. मग जुळणी. अकारविल्हे आणि विरामचिन्हं सगळ्यात शेवटी. ज्या उताऱ्याचं पान संध्याकाळपर्यंत सापडलं नाही त्याची अवतरणचिन्हं काढून तो स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का पाहा, आणि ज्याच्या पुस्तकात तो वाचल्याचं तुम्हाला आठवतंय त्याचं नाव लावा. आठवतच नसेल तर तो वगळा.